बोटीची तारीख दर खेपेला चुकते? मुदत देतानाच कुठं चुकतं ते पाहा

ग्राहक विचारतो, "माल कधी निघेल?" आपण मनातल्या मनात हिशेब मांडतो. दोन दिवस तोडणी, एक दिवस पॅकिंग, एक दिवस गाडी, दोन दिवस बंदर. सहा झाले. हाताशी थोडे असावेत म्हणून दहा सांगतो. माल बोटीवर चढतो सतराव्या दिवशी. पुढच्या ऑर्डरला शहाणे होऊन चौदा सांगतो, तेव्हा लागतात एकवीस. ग्राहक एकदा समजून घेतो, दुसऱ्यांदा भाव पाडतो, तिसऱ्यांदा दुसरीकडं जातो.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीचं निर्यातीचं काम बघतो. द्राक्षं युरोपला आणि आखातात, डाळिंब आणि केळी बहुतेक आखातात. सुरुवातीचे हंगाम आमचीही हीच गत होती. प्रत्येक खेपेला उशिराचं कारण वेगळं, आणि प्रत्येक कारण खरं. कधी धुकं पडलं, कधी गाडी आली नाही, कधी रिपोर्ट अडकला. पण दर हंगामात तीच ती कारणं फिरून येत असतील तर त्यांना अपघात म्हणता येत नाही. तो कामाचाच भाग आहे आणि तो मुदतीत मोजायलाच हवा. आपण मोजतो ते फक्त हात चालत असतात तेवढे तास. मधला वाट बघण्याचा वेळ मोजतच नाही, आणि निर्यातीत बहुतेक दिवस वाट बघण्यातच जातात.

आधी बघा, उशीर किती दिवसांचा आहे

गेल्या दहा-बारा खेपांच्या फाइली काढा. प्रत्येकीत दोन तारखा शोधा: आपण ग्राहकाला लिहून दिलेली, आणि बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे बोटीच्या कंपनीनं दिलेल्या मालाच्या पावतीवरची, 'शिप्ड ऑन बोर्ड'ची (बोटीवर चढल्याची). दोन्हींतला फरक एका कागदावर ओळीनं मांडा. या आकड्यांवरूनच रोग कळतो.

फरक सात किंवा चौदाच्या आसपास येत असेल, तर तुमची बोट चुकते आहे. दोन ते चार दिवसांचा असेल, तर गडबड बागेत किंवा पॅकहाऊसमध्ये आहे. तोडणी सुरू व्हायच्या आधीच आठवडा निघून गेलेला असेल, तर मुदत मोजायला सुरुवातच चुकीच्या दिवसापासून झाली आहे. आणि तुमच्या हिशेबानं माल वेळेत चढला, तरी ग्राहक उशीर झाला म्हणून ओरडत असेल, तर दोघांनी एकच शब्द दोन अर्थांनी वापरला आहे. एकाच घरात चारही रोग असू शकतात. आमच्याकडं होते.

सात दिवसांचा रोग

हा सगळ्यात महागात पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फेब्रुवारीतली गोष्ट. कासेगावच्या बाजूची थॉमसन द्राक्षाची बाग, माल रॉटरडॅमचा, एक चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड कंटेनर. बोट रविवारची, गेट कटऑफ, म्हणजे बंदराच्या गेटवर कंटेनर घ्यायची शेवटची वेळ, शनिवारी दुपारी बाराची. अर्धा माल गुरुवारीच तोडून गार करून ठेवला होता. उरलेल्याचा आराखडा असा: शुक्रवारी सकाळी सातला तोडणी सुरू, अकराला संपली, एकपर्यंत पॅकिंग, रात्री आठपर्यंत प्रीकूलिंग, साडेदहाला कंटेनर भरून सील, अकरा तासांचा रस्ता, शनिवारी साडेनऊला न्हावाशेवाच्या गेटवर. अडीच तास हाताशी. कागदावर सगळं झकास दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी घडांवर दव होतं. ओला घड तोडून पेटीत भरला की कूज लागते, त्यामुळं दव वाळेपर्यंत टोळी बांधावर बसून राहिली. तोडणी सुरू झाली साडेनऊला. म्हणजे अडीच तास तिथंच संपले. पण खरं नुकसान पुढं होतं. उशिरा सुरू झालेली तोडणी भर उन्हात गेली. दुपारी दोनला शेवटची क्रेट आली तेव्हा मण्याचं तापमान होतं एकतीस अंश. सकाळच्या मालाला गार व्हायला सात तास लागतात, या मालाला अकरा लागले. रात्री अकराला मण्यात थर्मामीटरची सुई खुपसली, सहा अंश. साडेबाराला साडेचार. दोनला तीन. दारात ट्रेलर उभा, त्याच्या जनरेटरची घरघर चालू, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला, आणि आम्ही दर वेळी दार उघडून पेटीत सुई घालतोय. कुणीतरी म्हणालं, चढवून टाका, कंटेनर करेल गार. हे मात्र कधी ऐकू नका. रीफर कंटेनर असतो गार माल गार ठेवायला. गरम माल गार करायची ताकद त्याच्या हवेत नसते. तसाच चढवला तर पेटीत घाम धरतो, कूज रोखायला पेटीत ठेवलेला सल्फरचा पॅड भलत्या वेळी जास्त सुटतो, आणि रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर देठ तपकिरी दिसतात.

तीनला १.८ झालं. भरून, सील करून गाडी सुटली साडेपाचला. संध्याकाळी गेटवर पोचली तेव्हा कटऑफ होऊन साडेपाच तास झाले होते. पुढची बोट पुढच्या रविवारी. माल सात दिवस बंदरावर विजेच्या प्लगला. त्या प्लगचं भाडं, सात दिवस म्हातारा झालेला माल आणि ग्राहकाचा क्लेम, तिन्ही आमच्या अंगावर.

दव अडीच तासांचं होतं, दंड सात दिवसांचा झाला. बोट आठवड्यातून एकदा असते तेव्हा उशीर तासांनी वाढत नाही, आठवड्यांनी उडी मारतो. म्हणून "बारा दिवसांत पाठवतो" या वाक्यालाच अर्थ नाही. आम्ही ते वाक्य वापरणं बंद केलं. आता ग्राहकाला बोट सांगतो: अमुक तारखेची, आणि ती हुकली तर त्यानंतरची अमुक. ग्राहकालाही ते पटतं, कारण त्याच्याकडचं गोदाम आणि गाड्या बोटीच्या तारखेवरच ठरतात.

दुसरा बदल केला तो उलट्या मोजणीचा. तोडणीपासून पुढं मोजायचं सोडून कटऑफपासून मागं मोजतो. कटऑफच्या चोवीस तास आधी गाडी गेटवर असं धरतो. सोलापूर किंवा पंढरपूर भागातून न्हावाशेवा साडेतीनशे ते चारशे किलोमीटर आहे. मधे पुण्याची कोंडी आणि खंडाळ्याचा घाट. अकरा तासांचा रस्ता आम्ही अठरा तासांचा लिहितो. गेटबाहेरची रांग त्यात धरलेली आहे.

तिसरा बदल सगळ्यात अवघड होता, कारण त्यासाठी मन घट्ट करावं लागतं. तोडणीच्या आदल्या संध्याकाळी एक प्रश्न विचारायचा: कटऑफला पोचण्याबद्दल शंका आहे का? शंका असेल तर तोडणीच करायची नाही, बुकिंग पुढच्या बोटीवर टाकायचं, ग्राहकाला त्याच रात्री कळवायचं. वेलीवरचं द्राक्ष आठवडाभर उभं राहिलं तर साखर थोडी चढेल. तोडून पेटीत घातलेलं द्राक्ष आठवडाभर थांबलं तर त्याच्या आयुष्यातला आठवडा गेला, तो परत मिळत नाही.

केळीला हे जसंच्या तसं लावू नका. कंदर, टेंभुर्णी भागातली निर्यातीची केळी साधारण ७५ ते ८० टक्के पक्वतेला कापतात. घड आठवडाभर झाडावर राहिला तर तो पुढं जातो आणि बोटीतच पिकायला लागण्याची भीती असते. केळीत बोट पुढं गेली तर बागच बदलावी लागते, म्हणजे मागून येणाऱ्या वयाची दुसरी बाग आधीच बघून ठेवलेली हवी.

हंगामाच्या ऐन भरात, फेब्रुवारी-मार्चला, आणखी एक गोष्ट होते. आपण सगळं वेळेत करतो आणि शिपिंग लाइनच, म्हणजे बोटीची कंपनीच, बुकिंग पुढच्या बोटीवर ढकलते, नाहीतर रिकामा रीफर वेळेत मिळत नाही. त्यावर इलाज एवढाच, की बुकिंग दोन-तीन आठवडे आधी करायचं आणि त्या दोन महिन्यांत दिलेल्या मुदतीत एक बोट जास्तीची धरायची.

घड्याळ कुठल्या दिवशी सुरू होतं

ग्राहकानं फोनवर "ठीक आहे, पाठवा" म्हटलं की त्याच्या मनात मुदत सुरू होते. आपल्याकडं तेव्हा काय असतं? ॲडव्हान्स आलेला नसतो, पेटीवरच्या छपाईची डिझाइन मंजूर नसते, बागेचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फळातल्या औषधाच्या अंशांची तपासणी, नसतो. आठ-दहा दिवस असेच जातात आणि ते आपल्या नावावर उशीर म्हणून लागतात.

युरोपच्या द्राक्षांना तर ठरलेली साखळीच आहे. बाग अपेडाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, हॉर्टिनेट या ऑनलाइन नोंदवहीत नोंदलेली हवी, मान्यताप्राप्त लॅबचा माणूस बागेत येऊन नमुना घेणार, रिपोर्ट पास झाला तरच तोडणी, मग ॲगमार्कचं दर्जाचं प्रमाणपत्र, मग फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळं युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, तो फटका ज्यांनी खाल्ला त्यांना ही साखळी का एवढी कडक झाली हे सांगावं लागत नाही. यातली एकही कडी वगळता येत नाही, आणि लॅबला घाई करता येत नाही. नमुना घेतल्यापासून रिपोर्ट हातात पडेपर्यंत आमच्या वहीत पाच ते आठ दिवस दिसतात, आणि गर्दीच्या आठवड्यात माणूस नमुना घ्यायलाच दोन दिवस उशिरा येतो.

शिवाय फवारणी. शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत औषधानुसार ठरावीक दिवस जायलाच हवेत. अवकाळी ढग आले आणि शेतकऱ्यानं घाबरून रात्री एक फवारा मारला, तर आपली सगळी तारीख त्या फवाऱ्यापाशी जाऊन थांबते. तो फवारा आपल्याला कळेपर्यंत चार दिवस गेलेले असतात. म्हणून आमच्याकडं नियम केला आहे: ज्या बागेचा माल बुक झाला, त्या बागायतदारानं फवारणी करण्याआधी एक फोन करायचा. औषध कुठलं, किती, का. पहिल्या वर्षी लोकांना हे जाचक वाटलं. एकाचा रिपोर्ट फेल झाल्यावर बाकीचे स्वतःहून फोन करायला लागले.

आता आम्ही ऑर्डरच्या कागदावर स्पष्ट लिहितो: मुदत सुरू होईल ती ॲडव्हान्स खात्यावर जमा झाल्यावर, पेटीचं डिझाइन मंजूर झाल्यावर आणि रेसिड्यू रिपोर्ट पास झाल्यावर, यांतलं जे शेवटी होईल त्या दिवसापासून. हे लिहायला सुरुवात केल्यावर एकही ग्राहक तुटला नाही. उलट डिझाइन दोन दिवसांत मंजूर होऊन यायला लागलं.

दोन-चार दिवसांचा रोग: दीडशे पेट्या कमी

हा डाळिंबवाल्यांना जास्त ओळखीचा असेल. सांगोल्याकडची बाग, भगवा जातीची, झाडावर बघून अंदाज केला की कंटेनर सहज भरेल. पॅकहाऊसमध्ये पट्ट्यावर माल आला की कळतं, एका बाजूला उन्हाचे डाग, काहींवर तेल्या रोगाचे ठिपके, काही फळं वजनात बसत नाहीत. संध्याकाळी मोजलं तर दीडशे पेट्या कमी. अर्धवट कंटेनर पाठवला तर भाडं पूर्ण लागतं. मग दुसरी बाग शोधायची, तिची नोंदणी बघायची, तिचा रिपोर्ट आहे का बघायचा. नसला तर पुन्हा घड्याळ पहिल्यापासून.

बागेत उभं राहून केलेला अंदाज नेहमी गोड असतो, कारण डोळा चांगल्या फळावर जातो. आमचा इलाज साधा आहे. तोडणीच्या आठ दिवस आधी बागेच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून पाच झाडं मोजायची, पूर्ण, आतल्या फांद्यांसकट. निर्यातीचं फळ वेगळं, बाकीचं वेगळं. जो टक्का येईल त्यावरच पेट्यांचा हिशेब. आणि प्रत्येक कंटेनरमागं एक जास्तीची बाग नोंदणी आणि रिपोर्टसह तयार. त्या जादा तपासणीचे पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. दीडशे पेट्यांसाठी एकदा बोट सोडून बघा, मग तसं वाटणार नाही.

हाताशी ठेवलेले दिवस कुठं ठेवायचे

सोलापूरच्या चादरीचा व्यापारी चार दिवस आधी माल तयार करून गोदामात ठेवू शकतो. चादर वाट बघते. फळ बघत नाही. त्यामुळं इतर धंद्यात चालणारा "माल लवकर तयार ठेवा" हा सल्ला आपल्याला उलटा पडतो. मोकळे दिवस तोडणीच्या नंतर ठेवले तर ते फळाच्या आयुष्यातून जातात. ते तोडणीच्या आधी, कागदांच्या बाजूला ठेवायचे. फळाला हात लावायच्या आधी बुकिंग पक्कं हवं, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचा मसुदा सीएचएकडं, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाकडं, गेलेला हवा, फायटोचा अर्ज ऑनलाइन भरलेला हवा, कंटेनरचं ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) हातात हवं, पेट्या, पनेट (पेटीतले छोटे डबे) आणि पॅड गोदामात मोजून ठेवलेले हवेत. तोडणीनंतर फक्त वजन, तापमान, तपासणी आणि सही एवढंच उरलं पाहिजे. व्हीजीएमसुद्धा, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन. १ जुलै २०१६ पासून त्याशिवाय कंटेनर बोटीवर चढत नाही. आमच्याकडं एकदा शनिवारी रात्री काट्यावरचा माणूसच नव्हता, तेव्हापासून कुठला काटा कुठल्या वेळी चालू असतो हे भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

आणखी एक. प्रत्येक टप्प्यात थोडे थोडे जादा तास टाकू नका. टोळीच्या मुकादमाला कळतं की दोन तास सैल आहेत, तो दोन तास उशिरा येतो. पॅकहाऊसला कळतं, तेही सैल होतं. शेवटी सगळे सैल तास खर्च होतात आणि गाडी तेवढीच उशिरा सुटते. टप्पे खरे तेवढेच लिहा आणि जादा वेळ एकाच ठिकाणी ठेवा, कटऑफच्या अगदी अलीकडं. तो कुणालाही खर्च करू देऊ नका.

किती दिवस सांगायचे: सरासरी धरू नका

समजा तुमच्या वहीत गेल्या दहा खेपांना, घड्याळ सुरू झाल्यापासून बोटीवर चढेपर्यंत, असे दिवस लागले: १४, १५, १५, १६, १६, १७, १८, २१, २३, ३०. सरासरी येते साडेअठरा. बहुतेक जण एकोणीस सांगतील. एकोणीस सांगितले तर दहापैकी तीन खेपा उशिरा जातात. म्हणजे दर तिसऱ्या-चौथ्या ऑर्डरला माफी मागायची. त्याऐवजी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावा आणि नववा आकडा उचला, २३. दहापैकी नऊ वेळा शब्द पाळला जाईल. तिसाची खेप का तीस झाली ते वेगळं शोधा. बहुधा त्यात बोट चुकलेली असते.

माणसाला वाटतं, आपला प्रत्येक टप्पा तर दहापैकी नऊ वेळा वेळेत होतो, मग काय हरकत आहे? हरकत अशी, की टप्पे पाच आहेत. रिपोर्ट, तोडणी, प्रीकूलिंग, गाडी, बंदर. पाचही एकाच खेपेला वेळेत होण्याची शक्यता ०.९ ला पाच वेळा गुणून येते, म्हणजे जवळपास ०.५९. दहापैकी सहाच वेळा. कुणीही कामचुकारपणा न करता दहातल्या चार खेपा उशिरा जाऊ शकतात. हे आकडे एकदा टोळीला आणि संचालकांना फळ्यावर लिहून दाखवले, तेव्हापासून उशीर झाला की एकमेकांवर बोट दाखवणं बरंच कमी झालं.

वही नसेल तर आजपासून सुरू करा. प्रत्येक खेपेला सात तारखा पुरतात: ॲडव्हान्स, नमुना, रिपोर्ट, तोडणी सुरू, गाडी सुटली, गेट इन, ऑन बोर्ड. द्राक्षाची वही वेगळी, डाळिंबाची वेगळी, केळीची वेगळी. फळं एकत्र केली की आकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही.

'निघेल' आणि 'पोचेल'

आता चौथा रोग. ग्राहक "डिलिव्हरी २५ मार्च" म्हणतो, आपण "हो" म्हणतो. त्याच्या मनात २५ ला माल त्याच्या गोदामात. आपल्या मनात २५ ला माल बोटीवर.

करारातली अट एफओबी असो की सीआयएफ, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमानं आपली डिलिव्हरी न्हावाशेवाला बोटीवर माल चढला की पूर्ण होते. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा आपण भरतो, पण वाटेतला धोका चढल्यापासून ग्राहकाचा. एफसीए ठरवलं असेल तर कंटेनर लाइनच्या ताब्यात दिला की आपलं काम झालं, मग बोट दोन दिवस उशिरा सुटली तरी तो उशीर आपला नाही. कंटेनरच्या मालाला म्हणूनच एफसीए जास्त बरं. डीएपी मान्य केलंत तर मात्र पोचवण्याची जबाबदारी तुमची. म्हणून 'डिलिव्हरी' हा शब्दच आम्ही टाळतो. "न्हावाशेवाला बोटीवर अमुक तारखेपर्यंत चढेल, पोचण्याची तारीख लाइनच्या वेळापत्रकानुसार अंदाजे" असं दोन वेगळ्या ओळींत लिहितो.

एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, असेल तर आणखी जपून. बँक फक्त कागद बघते. 'लेटेस्ट शिपमेंट डेट' (माल चढवायची शेवटची तारीख) ओलांडली आणि बिल ऑफ लेडिंगवर पुढची तारीख आली की पैसे अडकले. ही तारीख सुट्टीच्या दिवशी आली तरी पुढं सरकत नाही. युसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तारखेआधी 'ऑन ऑर अबाउट' (त्या सुमारास) लिहिलेलं असेल तर त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत चालतं, म्हणून जमेल तिथं तेच शब्द घालून घ्या. 'मिडल ऑफ मार्च' म्हणजे ११ ते २०, 'एंड ऑफ मार्च' म्हणजे २१ पासून महिनाअखेर. आणि एलसीत दुसरं काही लिहिलं नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांच्या आत कागद बँकेत सादर व्हायला हवेत. लेटेस्ट शिपमेंट डेट मागताना वहीतला नववा आकडा घ्या आणि त्यावर एक बोट वाढवा. नंतर दुरुस्ती मागायला गेलात तर फी जाते आणि ग्राहकाचा विश्वासही.

पोचण्याचा अंदाज देताना लाइनच्या जाहिरातीतले दिवस लिहू नका. त्या सेवेच्या गेल्या चार-पाच फेऱ्या प्रत्यक्षात किती दिवसांत पोचल्या ते सीएचएकडून काढून घ्या. दुबईच्या जेबेल अली बंदराला थेट बोट आठवड्याच्या आत जाते. युरोपचं गणित २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनी पार बदललं. सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालायला लागल्यावर प्रवासात दहा ते चौदा दिवसांची भर पडली. त्या हंगामात ज्यांनी जुन्या दिवसांवर शब्द दिले होते, त्यांची काही चूक नसताना ते खोटे ठरले. बुकिंग करताना बोट कुठल्या वाटेनं जाणार आणि मधे कुठं माल उतरवून दुसऱ्या बोटीवर चढवणार आहेत का, हे दर वेळी विचारा. मधल्या बंदरात बोट बदलायची असेल तर तिथंही एक कटऑफ असतो, आणि तिथंही आठवडा उडी मारू शकतो.

लांबच्या प्रवासाचं आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. सोलापूर भागातलं ५.७ टन डाळिंब, तीन किलोच्या १९०० पेट्या, ६ डिसेंबर २०२४ ला समुद्रमार्गे निघालं आणि १३ जानेवारी २०२५ ला सिडनीला पोचलं. अडतीस दिवस. एवढ्या प्रवासाला फळ टिकणार का, हा प्रश्न आधी सोडवायचा आणि मग तारीख द्यायची. केगावचं डाळिंब संशोधन केंद्र आपल्याच दारात आहे, टिकवणीबद्दल शंका असेल तर तिथं जाऊन विचारा. अडतीस दिवसांच्या प्रवासात बंदरावरच सात दिवस गेले, तर फळाकडं उरलेली शिल्लक संपते.

आपल्या जिल्ह्याचं पंचांग

लाइनच्या वेळापत्रकात या गोष्टी नसतात, तुमच्या भिंतीवर हव्यात. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा, तेव्हा शहराच्या आसपासची टोळी दोन-तीन दिवस मिळत नाही, आणि नेमका तोच द्राक्ष सुरू व्हायचा काळ. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या बाजूचे रस्ते अवजड गाड्यांना वळवलेले असतात. पावसाळ्यात भीमा आणि सीना. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं माढा, करमाळा, मोहोळकडचे लोक काय हाल सोसून गेले ते आपण पाहिलं. त्या आठवड्यात कुणी मुदतीचं नावही काढलं नाही आणि काढायलाही नको होतं. ग्राहकाला फोटो पाठवून सरळ सांगितलं की बागेत पाणी आहे, तारीख नंतर देतो.

तिकडचं पंचांगही लागतं. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि आखातातल्या ग्राहकाला माल तो सुरू व्हायच्या आधी बाजारात हवा असतो. अमिरातीनं २०२२ पासून शनिवार-रविवारची सुट्टी धरली, सौदीत अजून शुक्रवार-शनिवार. गुरुवारी संध्याकाळी पाठवलेल्या कागदाचं उत्तर सौदीहून रविवारीच येणार, हे धरून चाला.

कांद्याचं मात्र वेगळं आहे. सोलापूरच्या बाजारात कांदा घेऊन दोन महिन्यांनंतरचा शब्द देणाऱ्यांना ८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी आठवत असेल. ती ४ मे २०२४ पर्यंत चालली. तिथं कुठलीही वही कामाला येत नाही. कांद्यात लांबची मुदत देऊच नये, आणि दिलीच तर सरकारी बंदी किंवा शुल्क बदललं तर करार थांबेल हे कलम लिहून घ्यावं.

द्राक्षाची तारीख छाटणीपासूनच धरा

फळछाटणीपासून तोडणीपर्यंत साधारण ११० ते १३० दिवस. १० ऑक्टोबरला छाटलेली बाग ७ फेब्रुवारीला १२० दिवसांची होते, १७ ला १३० ची. म्हणजे तिच्यासाठी फेब्रुवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा. ऑक्टोबरातच सगळ्या बागांच्या छाटणीच्या तारखा एका तक्त्यावर लिहिल्या की कुठल्या आठवड्यात किती कंटेनर निघू शकतात ते दिसतं, आणि कुठल्या आठवड्यात पॅकहाऊस पुरणार नाही तेही. आमच्याकडं एका वर्षी पाच बागा एकाच आठवड्यात येत होत्या. तक्त्यावर ते ऑक्टोबरात दिसलं, म्हणून दोन कंटेनर पुढच्या आठवड्यात पाठवू का, असं ग्राहकाला ऑक्टोबरातच विचारता आलं. त्यानं एका ओळीत होकार दिला. हीच गोष्ट फेब्रुवारीत सांगितली असती तर तो उशीर झाला असता.

ग्राहक "दहा दिवसांत पाठवा, नाहीतर दुसरीकडून घेतो" म्हणाला की आम्ही आता असं उत्तर पाठवतो. तुमच्या कामाला आलं तर घ्या:

"बागेचा रिपोर्ट सोमवारपर्यंत अपेक्षित आहे. रिपोर्ट आणि ॲडव्हान्स बुधवारपर्यंत झाले तर माल २२ तारखेच्या बोटीवर चढेल. ती हुकली तर २९ तारखेची बोट, त्यापुढं जाणार नाही. २२ ची बोट पकडता येईल की नाही, हे १९ ला संध्याकाळी सातपर्यंत नक्की कळवतो. दहा दिवसांचा शब्द देता येत नाही, कारण त्या दिवशी बोटच नाही."